तळणीच्या तेलाचे इंधन



आजच्या विषयाचे जाहीर झालेले नाव जरा भारदस्त आहे. ‘टाकाऊ तेलापासून घन उत्प्रेरकांच्या साहाय्याने जैवडिझेल’ असे बाहेरच्या फलकावर लिहिले आहे, आणि तो फलक वाचूनही आपण इतकी मंडळी आत आलात, ह्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. वस्तुतः ह्या विषयाचा आरंभ प्रयोगशाळेत होत नाही. तो वड्याच्या गाडीवर, फरसाणाच्या कारखान्यात आणि उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यात होतो. कढईतले तेल काळे पडले, त्याला फेस येऊ लागला, म्हणजे ते तेल जाते कुठे? एवढा एकच प्रश्न आपण मनात धरून बसावे, म्हणजे पुढचे रसायनशास्त्र आपोआप सोपे होईल.

गटारात त्यातले सगळेच जात नाही. तेल ही महाग वस्तू आहे, आणि महाग वस्तू टाकून देण्याची आपली रीत नाही. मोठ्या मुदपाकखान्यातले उतरलेले तेल डब्यात भरून विकले जाते. घेणाऱ्यांत साबणवाले असतात, तसे लहान तळणवालेही असतात. एका कढईतून निवृत्त झालेले तेल दुसऱ्या कढईत पुन्हा नोकरीला लागते, असे म्हटले तरी चालेल. लहान गाडीवाल्याला आम्ही दोष देत नाही. त्याला ताज्या तेलाचा भाव परवडत नाही, आणि ते तेल कोणाच्या पोटात जाते हे त्याच्याइतकेच ते विकणाऱ्यालाही ठाऊक असते.

तळताना तेलाचे नेमके काय होते हे थोडे पाहू. बटाट्याची भजी १८० अंश सेल्सियसच्या तेलात पडली की चुर्रर्र आवाज येतो. तो पाण्याचा आवाज आहे. भज्यातले पाणी वाफ होऊन तेलातून बाहेर पडते, आणि जाताजाता तेलाचे काही रेणू फोडून जाते. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका कण्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. पाण्याने एखादी साखळी तुटली की ती मोकळी होते. तिला मुक्त मेदाम्ल म्हणतात. हे नाव लक्षात ठेवावे, कारण आजच्या गोष्टीतला खलपुरुष तोच आहे. दुसरे काम हवेतला प्राणवायू करतो. त्यामुळे तेलाला खवट वास येतो. तिसरे काम नुसत्या उष्णतेचे. रेणू एकमेकांना चिकटून तेल दाट होते. कढईच्या काठाला जो तपकिरी, चिवट, राख लावून घासला तरी न निघणारा थर बसतो, तो ह्याच चिकटलेल्या रेणूंचा असतो. ह्या सगळ्या मोडतोडीतून जी संयुगे जन्मास येतात त्यांना ध्रुवीय संयुगे असे म्हणतात, आणि तेल किती बिघडले ते त्यांच्या प्रमाणावरून मोजतात.

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने हे प्रमाण शेकडा २५ च्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरू नये असा नियम केला आणि १ जुलै २०१८ पासून तो लागू झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वापरलेले तेल गोळा करून त्याचे जैवडिझेल करण्याची मोहीम निघाली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली तर ‘रुको’ असा शब्द होतो. सरकारी नाव इतके समर्पक क्वचितच पडते! १ मार्च २०१९ पासून दिवसाला ५० लिटरांहून अधिक तेल तळणीला लावणाऱ्यांनी त्याचा हिशेब ठेवावा असेही ठरले. हे सर्व योग्यच झाले. परंतु डब्यातले तेल कोणत्या दारी जाते हे शेवटी नियम ठरवीत नाही, भाव ठरवतो. जो अधिक देईल त्याच्याकडे डबा जाईल. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, इंधन करणारा कारखानदार ह्या काळ्या तेलाला चांगला भाव देऊ शकेल काय? आणि ह्याचे उत्तर, आपणांस आश्चर्य वाटेल, पण उत्प्रेरकावर अवलंबून आहे.

तेलावर इंजिन चालवण्याची कल्पना नवी नाही. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डिझेलचे एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. खुद्द रुडॉल्फ डिझेलने पुढे त्याची हकीकत सांगितली आहे. तेल जळते खरे, पण ते खनिज डिझेलच्या सुमारे दसपट दाट असते. इंजिनात इंधन बारीक तुषारांच्या रूपाने उडावे लागते, आणि दाट तेलाचे तुषार नीट होत नाहीत. ते अर्धवट जळते, काजळी धरते, नळीचे तोंड बुजवते. म्हणून तेल पातळ करणे आले. १९३७ साली ब्रसेल्स विद्यापीठातल्या शावान् नावाच्या शास्त्रज्ञाने ह्यासंबंधी बेल्जियन पेटंट घेतले. त्याने पामतेलाच्या त्या तीन साखळ्या ग्लिसरीनच्या कण्यावरून सोडवून अल्कोहोलाच्या लहान रेणूंना जोडल्या. एका अवजड रेणूचे तीन सुटसुटीत रेणू झाले आणि दाटपणा गेला. आज आपण ज्याला जैवडिझेल म्हणतो ते हेच.

हिशेब अगदी सरळ आहे. १०० किलो तेलाला सुमारे ११ किलो मेथॅनॉल खर्ची पडते. त्यातून जवळजवळ १०० किलो इंधन आणि १० किलोंच्या आसपास ग्लिसरीन मिळते. मात्र तेल आणि मेथॅनॉल नुसते एकत्र ठेवले तर ती दोन वेगळ्या थरांत शेजाऱ्यांसारखी राहतात, एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांची गाठ घालून देणारा मध्यस्थ लागतो, तो उत्प्रेरक. बहुतेक कारखान्यांत हा मध्यस्थ म्हणजे कॉस्टिक सोडा किंवा त्याच जातीचा एखादा अल्कली असतो. तो मेथॅनॉलात विरघळवायचा, तेलात मिसळायचा, ६० अंशांवर तासभर ढवळायचा, की काम झाले. ताज्या, स्वच्छ तेलाला ही कृती इतकी उत्तम आहे की तिच्यात सुधारणा कशाला, असे कोणीही म्हणेल.

आम्हीही तसेच म्हणत होतो. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना हे प्रात्यक्षिक दाखवावे म्हणून आम्ही बाजारातले सरकीचे तेल घेऊन प्रयोग केला. तो पुस्तकात लिहिल्याबरहुकूम झाला. खाली ग्लिसरीन, वर सोन्यासारखे इंधन. उत्साहाच्या भरात दुसऱ्या दिवशी आम्ही एका भज्यांच्या दुकानातून उतरलेले तेल आणवले आणि तीच कृती केली. तास झाला, दोन तास झाले, थर काही पडेनात. रात्रभर तसेच ठेवले. सकाळी पाहतो तो भांड्यात लापशीसारखा गोळा! एका विद्यार्थ्याने बोट लावून पाहिले आणि म्हणाला, “सर, साबण झालाय.” त्याचे निदान अचूक होते.

काय झाले होते? त्या तेलात मोकळी झालेली मेदाम्ले होती. आम्ल आणि अल्कली भेटले की ते मध्यस्थी वगैरे विसरून एकमेकांशीच लग्न लावतात, आणि त्या लग्नाचे फळ म्हणजे साबण. समजा, १०० किलो तेलात ५ किलो मुक्त मेदाम्ल आहे. तेवढ्या आम्लाला सुमारे ७०० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो आणि पाच किलोंहून अधिक साबण तयार होतो. एरवी १०० किलो तेलाला आपण सोडा घालणार किलोभर किंवा त्याहून कमी. म्हणजे मध्यस्थ बहुतेक सगळा संपला. वर तो साबण तेल, पाणी आणि ग्लिसरीन ह्यांना एकमेकांत असा गुंतवून ठेवतो की वेगळे करता करता पुरेवाट व्हावी. म्हणून अल्कलीच्या कृतीला शेकडा एकाच्या आतबाहेरच मुक्त मेदाम्ल चालते, आणि तळणीच्या तेलात ते त्याच्या कितीतरी पट निघते.

ह्यावर तोड नाही असे नाही. आधी गंधकाम्ल घालून मोकळ्या आम्लांचे इंधन करून घ्यायचे आणि मग उरलेल्या तेलाला सोडा लावायचा, असे दोन टप्प्यांत काम करतात. पण गंधकाम्ल भांडी खाते. त्याला शेवटी मारण्यासाठी आणखी अल्कली लागतो, त्यातून क्षार निघतात, इंधन पाण्याने वारंवार धुवावे लागते आणि ते साबणी, खारट पाणी कुठे सोडायचे हा नवा प्रश्न. ग्लिसरीन निघते ते काळे आणि क्षारांनी भरलेले, त्याला गिऱ्हाईक नाही. हा सारा खर्च कारखानदार शेवटी तेलाच्या भावातून वजा करतो. म्हणजे पाहा, जे तेल अधिक बिघडलेले, आणि म्हणूनच कढईतून लवकरात लवकर बाहेर पडायला हवे, त्यालाच इंधनवाल्याकडे सर्वांत कमी भाव. गाडीवाल्याला मात्र आम्लता दिसत नाही. तो तेल गाळून, ताज्या तेलात मिसळून वापरतो आणि आपल्या ऐपतीप्रमाणे भाव देतो. इंधनवाला हरतो तो येथे.

आता घन उत्प्रेरक म्हणजे काय ते सांगतो. आपल्यापैकी वडीलधाऱ्या भगिनींनी जाते ओढले असेल. जाते धान्य दळते, पण स्वतः पिठात उतरत नाही. दळण संपले तरी जाते जागच्या जागी, उद्याच्या दळणाला तयार. सोडा हा असा मध्यस्थ आहे की जो दर दळणाला पिठातच मिसळून जातो, मग पीठ धूत बसायचे. त्याऐवजी तेलात न विरघळणारा एखादा घन पदार्थ घेतला, नळीत भरून ठेवला आणि त्यावरून तेल व मेथॅनॉल वाहवले, तर धुणे नाही, क्षार नाहीत, आणि ग्लिसरीनही स्वच्छ. कल्पना मोहक आहे. पण चांगल्या जात्याची लक्षणे तीन, हे भगिनींना सांगायला नको. ते दळते असावे, त्याची कच पिठात येऊ नये, आणि टाकी लावली की पुन्हा पहिल्यासारखे चालावे. ह्या तीन कसोट्यांवर आजवरच्या घन पदार्थांची परीक्षा करू.

पहिला उमेदवार आपल्या घरचाच, चुना. शिंपले, अंड्याची टरफले, संगमरवराचा चुरा, काहीही ९०० अंशांच्या आसपास भाजले की कर्बवायू निघून जातो आणि चुनकळी उरते. १०० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटाची ५६ ग्रॅम. कोकणात शिंपल्यांच्या भट्ट्या लावून चुना करीत, तोच हा पदार्थ. ताज्या तेलावर हा उमेदवार फार चांगला दळतो, तोही सोड्याला लागते तेवढ्याच उष्णतेत. म्हणून जगभरच्या संशोधकांनी त्याच्यावर अक्षरशः झडप घातली. कोणी कोंबडीच्या अंड्याचे टरफल भाजले, कोणी बदकाच्या, कोणी कालवे, कोणी खेकड्याची पाठ. दर वर्षी नवे कवच आणि नवा शोधनिबंध! ह्या उद्योगाला आम्ही हसतो आहोत असे समजू नये, आम्हीही टरफले भाजलेली आहेत. पण दुसऱ्या कसोटीला चुना उतरत नाही. हवेतली ओल आणि कर्बवायू शोषून तो निजतो. ग्लिसरीनशी संयोग पावून थोडाथोडा विरघळतो, म्हणजे पिठात कच येते. आणि आम्लयुक्त तेल दिले की पुन्हा साबण, फक्त ह्या खेपेला कॅल्शियमचा, जो पाण्यातही विरघळत नाही. भाजलेल्या टरफलाने टाकाऊ तेलाचा प्रश्न सुटला अशी बातमी वाचनात आली, तर त्यातले तेल किती टाकाऊ होते हे आधी विचारावे.

दुसरे उदाहरण कारखान्याचे. फ्रान्सच्या पेट्रोलियम संस्थेने जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम ह्यांच्या मिश्र ऑक्साइडाचा उत्प्रेरक घेऊन एक कृती बसवली, आणि २००६ साली त्या देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर सेत येथे वर्षाला १,६०,००० टनांचा कारखाना तिच्यावर सुरू झाला. घन उत्प्रेरक ही केवळ प्रयोगशाळेतली चैन नव्हे हे त्याने सिद्ध केले. ग्लिसरीन शेकडा ९८ हून अधिक शुद्ध निघाले. तथापि त्याला २०० अंशांच्या आसपास उष्णता आणि मोठा दाब लागतो, आणि तेल हवे स्वच्छ, शुद्ध केलेले. म्हणजे जाते उत्तम, पण ते निवडलेलेच धान्य दळते. आपला प्रश्न खड्यांसकट आलेल्या धान्याचा आहे.

तेथे आम्लधर्मी घन पदार्थ उपयोगी पडतात, कारण आम्लाचे आम्लाशी भांडण नाही. मोकळ्या मेदाम्लाला ते साबण न करता थेट इंधनात बदलतात. २००५ साली टोकियोच्या तंत्रज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी साखर हवेवाचून भाजून तिचा अर्धवट कोळसा केला, त्याला गंधकाम्लाची प्रक्रिया दिली, आणि त्या काळ्या भुकटीवर मेदाम्लांचे इंधन करून दाखवले. द्रवरूप गंधकाम्लाच्या निम्म्याहून अधिक काम ती भुकटी करते, असे त्यांनी लिहिले. साखरेचा हा उपयोग आमच्या साखरसम्राटांच्या कानावर गेला आहे की नाही, कोण जाणे. ह्या जातीच्या कोळशांवरचे आम्लगट मात्र वापरागणिक थोडे थोडे सुटत जातात, ही त्यांची कच.

आणि २००६ सालीच ह्याच पुण्यात, आपल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी, दरभा श्रीनिवास आणि त्यांचे सहकारी ह्यांनी लोखंड व जस्त ह्यांच्या दुहेरी सायनाइडाचा उत्प्रेरक प्रसिद्ध केला. सायनाइड शब्दाने कोणी दचकू नये. ते लोखंडाशी घट्ट बांधलेले असते. चित्रकार वापरतात तो प्रशियन निळा रंग ह्याच कुळातला. ह्या पदार्थाचे वैशिष्ट्य असे की त्याच्या पृष्ठभागाला पाणी आवडत नाही. मेदाम्ल आणि मेथॅनॉल ह्यांच्या संयोगात पाणी तयार होते, आणि ते पाणी सामान्य आम्ल-उत्प्रेरकाच्या अंगाला चिकटून त्याचे तोंड बंद करते. अळवाच्या पानावर थेंब ठरत नाही, तसे ह्याच्यावर पाणी ठरत नाही, तेल मात्र येऊन टेकते. म्हणून तेलाची अदलाबदल आणि मोकळ्या आम्लाचे रूपांतर ही दोन्ही कामे तो एकाच भांड्यात, एकाच वेळी करतो. किंमत मोजावी लागते ती उष्णतेची. सुमारे १७० अंशांवर, बंद भांड्यात, दाबाखाली. मेथॅनॉल एरवी ६५ अंशांच्या आतच उकळते, तेव्हा ह्या भांड्याला मजबुती आणि सावधगिरी दोन्ही हवीत.

तिसऱ्या कसोटीबद्दल लोक कमी बोलतात, आणि आमच्या मते खरी परीक्षा तेथेच आहे. घन उत्प्रेरकाचे काम त्याच्या सूक्ष्म छिद्रांत चालते. तेलाचा रेणू अंगाने मोठा. काही सुप्रसिद्ध उत्प्रेरकांची छिद्रे इतकी अरुंद असतात की त्याला आत शिरताच येत नाही. छिद्रे रुंद असली तरी तळणीच्या तेलाबरोबर बेसनाचा कण येतो, मीठ येते, हळद येते, आणि कढईच्या काठावरचा तो चिवट पदार्थही विरघळून येतो. ह्या सगळ्याचे लुकण छिद्रांवर बसले की जाते गुळगुळीत झाले. भट्टीत भाजून लुकण जाळता येते, हीच त्याची टाकी. पण साखरेचा कोळसा भाजला तर तोच जळून जाईल! म्हणून तेल आधी निवळून, गाळून, तापवून त्यातले पाणी उडवावे लागते. शोधनिबंधात उत्प्रेरक पाच वेळा वापरला असे लिहिलेले असते. कारखान्याला तो हजारो तास वापरायचा असतो. ह्या दोन आकड्यांमधले अंतर अजून पुष्कळ ठिकाणी भरून निघायचे आहे.

मग एवढ्या खटाटोपाने देशाचे डिझेल वाचेल काय? २०१९ साली सरकारने जो अंदाज सांगितला त्याप्रमाणे उपाहारगृहे, खानावळी वगैरे मोठ्या ठिकाणांहून वर्षाला १४० कोटी लिटर वापरलेले तेल गोळा होऊ शकेल आणि त्यातून सुमारे ११० कोटी लिटर जैवडिझेल निघेल. वजनात ते दहा लाख टनांच्या आत भरते. आणि २०२३–२४ साली देशाने डिझेल जाळले जवळजवळ ९ कोटी टन. म्हणजे सगळा डबा न् डबा गोळा केला तरी शेकडा एक. २०१८ च्या धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये शेकडा पाच जैवडिझेल मिसळावे असे म्हटले आहे, ते एकट्या कढईच्या जोरावर होणे नाही. मोठ्या आकड्यांनी आपण पूर्वी एकदा फसलो आहोत. मोगली एरंड पडीक जमिनीवर लावा, २०१७ पर्यंत शेकडा वीस मिश्रण साधू, असे २००९ च्या धोरणात लिहिले होते. पडीक जमिनीने पडीक जमिनीसारखेच उत्पन्न दिले.

म्हणून ह्या कामाचे माप डिझेलच्या लिटरांत घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कढईतून आणि पोटातून किती लिटर काळे तेल कायमचे बाहेर पडले, हे त्याचे माप. २०१९ साली सरकारी तेल कंपन्यांनी शंभर शहरांत असे जैवडिझेल विकत घेण्याचे जाहीर केले आणि पहिल्या वर्षाला लिटरमागे ५१ रुपये भाव ठरवला. कारखानदाराच्या हाती येणारा पैसा असा वरून बांधलेला. त्यातून सोडा, धुण्याचे पाणी, मेलेले क्षार आणि साबणात गेलेले तेल ह्यांचा खर्च जेवढा वाचेल तेवढाच तो डब्याला अधिक भाव देऊ शकेल. शेकडा दहा आम्लता असलेले तेल ज्याचा उत्प्रेरक मुकाट्याने पचवतो, तो कारखानदार गाडीवाल्यापेक्षा लिटरमागे दोन रुपये जास्त मोजू शकतो की नाही, एवढ्यावर हा सामना आहे. प्रयोगशाळेत आमची मंडळी शेकडा ९६ चे ९८ करण्यासाठी झटतात. आम्ही त्यांना सांगतो, बाबांनो, ताजे तेल बाजूला ठेवा, बाजारातले सर्वांत वाईट तेल आणा आणि त्यावर शेकडा ९० महिनाभर टिकवून दाखवा.

ह्यात एक धोक्याची सूचना केली पाहिजे. घरच्या घरी डिझेल करण्याची कृती अलीकडे सांगोवांगी फार पसरली आहे. मेथॅनॉल हे विष आहे. ते पोटात गेले तर डोळे जातात, जीव जातो. ते पेट घेते तेव्हा ज्योत उजेडात नीटशी दिसतही नाही. हे काम परसातल्या बंबावर करण्याचे नव्हे.

व्याख्यानाला येताना एका भगिनीने दारातच आम्हांला विचारले, की आमच्या घरी दिवाळीच्या तळणानंतर तांब्याभर तेल उरते, त्याचे आम्ही काय करावे? तेवढ्यासाठी गाडी दारी येणार नाही हे खरे. पण ते मोरीत ओतू नये, नळात थिजून बसते. पुन्हा पुन्हा तळणीलाही घेऊ नये. गार झाल्यावर गाळून बरणीत साठवावे, आणि पाच-पन्नास बिऱ्हाडांच्या सोसायटीने मिळून एक डबा ठेवला तर तो न्यायला येणारे काही शहरांत आता भेटतात. फक्त त्या डब्यात पाणी जाऊ देऊ नये, आणि गाडीचे जुने इंजिनतेल तर मुळीच नाही. त्याने अख्खा डबा वाया जातो.